पेत्राच्या दोन झोपा

शास्त्रपाठ : लूक २२:३१-६२, प्रेषितांची कृत्ये १२:१-१७



शिमोन पेत्र हा आपल्या सर्वांच्या ओळखीचा शिष्य आहे. त्याचे पाण्यावर चालणे आणि बुडू लागणे, त्याची तलवार, कोंबडा आरवल्यावरचे त्याचे रडणे, या गोष्टी शब्बाथशाळेतल्या लहान मुलालाही सांगता येतात. परंतु पेत्राच्या झोपेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. शुभवर्तमानकार लूक याने मात्र तिची नोंद ठेवली आहे. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राचे डोळे झोपेने जड झाले होते असे तो सांगतो. पुढे प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्री बागेत शिष्यांना झोप लागली, आणि त्यांत पेत्र होता. त्यानंतर सुमारे दहा-बारा वर्षांनी हेरोद राजाच्या तुरुंगातही पेत्र झोपला होता.

या शेवटच्या दोन झोपा आज आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू या. दोन्ही घटना यरुशलेमातल्या, दोन्ही वल्हांडण सणाच्या दिवसांतल्या. दोन्ही वेळी रात्र होती, दोन्ही वेळी हत्यारबंद माणसे होती, दोन्ही वेळी मरण जवळ आले होते. माणूसही तोच. तरीसुद्धा पहिल्या झोपेबद्दल प्रभूने त्याला दुःखाने विचारले, आणि दुसऱ्या झोपेतून उठवायला प्रभूचा दूत आला. पहिल्या झोपेनंतर काही तासांतच तो एका दासीच्या बोलण्याला घाबरला. दुसऱ्या वेळी उद्या राजा आपला जीव घेणार हे ठाऊक असूनही तो स्वस्थ झोपला. हा बदल त्याच्यात कसा झाला? विश्वासात खोल जाणे म्हणजे काय, असे आपण एकमेकांना पुष्कळदा विचारतो. त्याचे उत्तर पेत्राच्या या दोन रात्रींमध्ये आहे.

पहिली झोप

त्या रात्रीच्या भोजनाच्या वेळी पेत्राने प्रभूला एक वचन दिले होते. तुझ्याबरोबर तुरुंगात जायला आणि मरायलाही मी तयार आहे, अशा अर्थाचे ते बोलणे होते. पेत्र त्या वेळी खोटे बोलत नव्हता. त्याचे प्रभूवर प्रेम होते आणि जे तो बोलला ते त्याला मनापासून वाटत होते. आपणही दृढीकरणाच्या दिवशी, लग्नाच्या वेळी, आजारातून उठल्यावर, वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेत प्रभूला वचने देतो, तेव्हा ती खरीच असतात. अडचण अशी आहे, की खरे वाटणे वेगळे आणि ते निभावण्याचे बळ असणे वेगळे.

भोजनानंतर प्रभु गेथशेमाने बागेत आला. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना त्याने पुढे नेले व जागे राहायला सांगितले. मग तो थोडा पुढे जाऊन पित्याजवळ प्रार्थना करू लागला. परत येऊन पाहतो तो तिघेही झोपलेले. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभु त्याला त्या वेळी ‘शिमोन’ या जुन्या नावाने हाक मारतो. ‘पेत्र’ म्हणजे खडक, हे नाव प्रभूनेच दिलेले होते. पण त्या घटकेला तो खडकासारखा नव्हता. एक तासही त्याला जागवला नाही. असे तीनदा झाले.

या झोपेबद्दल कठोर बोलण्यापूर्वी लूकाचे म्हणणे ऐकले पाहिजे. शिष्य दुःखाने झोपले होते, असे तो लिहितो. तो वैद्य होता, म्हणून असेल कदाचित, पण माणसाचे शरीर त्याला कळत होते. दुःख माणसाला थकवते. घरात कोणी फार दिवस आजारी असले, मुलाची नोकरी गेली, भावाभावांत वितुष्ट आले, की प्रार्थनेला बसावेसे वाटत नाही. अंथरुणावर पडून डोळे मिटावे आणि सगळे विसरावे, असे वाटते. म्हणजे प्रार्थनेची सर्वांत जास्त गरज जेव्हा असते, तेव्हाच ती नकोशी होते. शिष्यांचे तेच झाले. त्यांनी दुःख प्रार्थनेत नेले नाही, झोपेत नेले. प्रभूने मात्र त्याच रात्री, त्याच बागेत, त्यांच्याहून कितीतरी मोठे दुःख प्रार्थनेत नेले.

पुढे काय झाले ते पाहा. मशाली घेऊन माणसे आली. ज्याने प्रार्थना केली होती तो शांतपणे उठून पुढे गेला. जो झोपला होता त्याने तलवार काढली. प्रार्थनेत ज्याचे मन स्थिर झालेले नसते, त्याचा हात असाच उतावळा होतो. तो काहीतरी करतो, पण ते प्रभूच्या कामाचे नसते. प्रभूलाच ते निस्तरावे लागते. त्या रात्री कापलेला कान प्रभूने बरा केला. आपल्या मंडळ्यांच्या सभांत कमिटीवरून, हिशेबावरून, जागेवरून ज्या तलवारी निघतात, त्यांतल्या कितीतरी अशा झोपेतून उठून काढलेल्या असतात!

तलवार म्यानात गेल्यावर पेत्र काय करतो? लूक सांगतो, तो दुरून मागे चालला. हे शब्द जपून वाचले पाहिजेत. पेत्राने प्रभूला सोडले नव्हते. तो पळून घरी गेला नव्हता. तो मागे चालतच होता, पण दुरून. प्रभु दिसेल इतका जवळ आणि आपल्याला कोणी ओळखणार नाही इतका लांब! तसे चालत चालत तो प्रमुख याजकाच्या वाड्यात शिरला, परक्यांनी पेटवलेल्या शेकोटीजवळ बसला आणि तेथे तीनदा म्हणाला, की मी त्याला ओळखत नाही.

पेत्राचे नाकारणे त्या अंगणात सुरू झाले असे आपल्याला वाटते. वास्तविक ते बागेत सुरू झाले होते. आधी प्रार्थना सुटली, मग मनाचा तोल सुटला, मग अंतर पडले आणि शेवटी जीभ घसरली. विहिरीचा झरा आटला, तरी विहीर त्या दिवशी कोरडी दिसत नाही. साठलेले पाणी काही दिवस पुरते आणि पोहरा भरून येतो. उन्हाळा आला म्हणजे तळ दिसतो. प्रार्थनेचे तसेच आहे. ती सोडल्याबरोबर काही बिघडत नाही. रविवारची उपासना चालू राहते, वर्गणी दिली जाते, गायनमंडळात आवाज लागतो. परीक्षेची घटका आली म्हणजे कळते, की आत पाणी नव्हते.

दुरून चालणाऱ्यांची मंडळी

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना हा विश्वास वारशाने मिळाला आहे. आपल्या पणजोबांनी किंवा आजोबांनी ख्रिस्त स्वीकारला तेव्हा त्यांना फार मोठी किंमत द्यावी लागली. कोणाला घर सोडावे लागले, कोणाला गावातल्या पाणवठ्यावर पाणी मिळेनासे झाले, कोणाच्या नावाने घरच्यांनी मेल्याचे क्रियाकर्म केले. आपल्याला मात्र बाप्तिस्मा आईच्या मांडीवर असताना मिळाला. हे आपले भाग्यच आहे. परंतु वारशाने मिळालेल्या शेताचीही मशागत आपल्यालाच करावी लागते. नाहीतर सातबाऱ्यावर नाव राहते आणि रानात गवत माजते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या बाबतीत मनन करण्याजोगे आहे. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. शास्त्रांचा गाढ अभ्यास केलेली, विचार केल्याशिवाय एक पाऊलही न उचलणारी ती बाई होती. तरीसुद्धा १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे, की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे ख्रिस्ती धर्म आपल्याजवळ होता, पण तारणारा ख्रिस्त स्वतः आपल्याला अजून गवसला नव्हता. एवढ्या मोठ्या विदुषीला आपली उणीव कबूल करण्यात कमीपणा वाटला नाही. त्या कबुलीनंतर त्यांचे जीवन अधिकाधिक प्रार्थनेचे झाले. १९०५ च्या जानेवारीत केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. त्या वर्षी तेथे जी आत्मिक जागृती झाली ती सर्वश्रुत आहे.

त्याबरोबर दुसरीही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या हातांनी केडगावात प्रार्थना झाली, त्याच हातांनी तेथे शेती केली, कापड विणले, छापखाना चालवला आणि दुष्काळात सापडलेल्या मुलींना जेवू घातले. खेड्यातल्या साध्या बाईलाही समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्या भाषांतराला वाहिली. प्रार्थना आणि शिष्याचे कष्ट ही एकाच जीवनाची दोन अंगे आहेत. दोहोंपैकी एक सुटले की दुसरे लंगडे होते.

दोन झोपांच्या मध्ये काय झाले?

आता पेत्राकडे परत येऊ. बागेतला पेत्र तुरुंगातला पेत्र कसा झाला? शास्त्र आपल्याला निदान चार पायऱ्या दाखवते.

पहिली पायरी : प्रभूने त्याच्यासाठी प्रार्थना केली. पेत्राने मोठे वचन देण्याच्या आधीच प्रभूने त्याला सांगितले होते, की सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र झोपला होता तेव्हाही त्याच्यासाठी कोणीतरी जागे होते. विश्वासाची वाढ आपल्या निश्चयापासून सुरू होत नाही. ती प्रभूच्या मध्यस्थीपासून सुरू होते. आपली प्रार्थना म्हणजे प्रभूच्या चालू असलेल्या प्रार्थनेत जाऊन बसणे आहे. ज्यांना वाटते की आपण फार दूर गेलो, आता कोणत्या तोंडाने गुडघे टेकावेत, त्यांनी हे विसरू नये.

दुसरी पायरी : प्रभूने त्याला प्रेमाविषयी विचारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी पुन्हा एक शेकोटी पेटली होती. योहानाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात याजकाच्या अंगणातल्या शेकोटीला आणि समुद्रकाठच्या विस्तवाला एकच शब्द आहे, कोळशांचा विस्तव. जिथे तीनदा नाकारले तशाच विस्तवाजवळ प्रभूने तीनदा विचारले. प्रभूने त्याच्याकडून नवीन शपथ घेतली नाही. तू मरायला तयार आहेस काय, असे विचारले नाही. माझ्यावर तुझी प्रीती आहे काय, एवढेच विचारले आणि आपली मेंढरे त्याच्या हाती दिली. मग म्हातारपणी तुला दुसरे बांधून नेतील असे सांगून, माझ्यामागे चाल, अशी आज्ञा केली. पूर्वी पेत्र आपल्या बळावर वचन देत होता. आता तो म्हणाला, की प्रभो, तुला सर्व ठाऊक आहे. मनापासूनचे शिष्यत्व येथे सुरू झाले.

तिसरी पायरी : तो थांबायला शिकला. प्रभु स्वर्गात गेल्यावर सुमारे एकशेवीस जण यरुशलेमात एकत्र होते व एकचित्ताने प्रार्थनेत राहिले. पूर्वी ज्याला एक तास जड गेला, तो आता पेंटेकॉस्टपर्यंत दिवसामागून दिवस प्रार्थनेत थांबला. तो एकटा नव्हता, हेही महत्त्वाचे आहे. त्यांत स्त्रिया होत्या, येशूची आई मरीया होती, प्रभूचे भाऊ होते. एकट्याने पेटवलेला निखारा लवकर विझतो. चुलीत इतरांना लागून असलेला निखारा धग धरतो.

चौथी पायरी : त्याने वेळ ठरवली. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र व योहान नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, प्रार्थनेच्या वेळी मंदिरात जाताना दिसतात. पुढे यापो येथे सहाव्या तासाला, म्हणजे भर दुपारी, तो धाब्यावर प्रार्थनेला चढतो. वेळ झाली म्हणून तो वर गेला. तेथे त्याला भूक लागली आणि खाली स्वयंपाक चालला होता. कर्नेल्याच्या घरचे दार परराष्ट्रीयांसाठी उघडले गेले, त्याची सुरुवात त्या धाब्यावर झाली. मंडळीचे काम वाढले तेव्हाही प्रेषितांनी अन्नवाटपाचे काम इतर सात जणांकडे सोपवले आणि आपण प्रार्थना व वचनाची सेवा सोडली नाही. मन लागेल तेव्हा प्रार्थना करू, असे म्हणणाऱ्याचे मन क्वचितच लागते. वेळ झाली म्हणून जो बसतो, त्याचे मन हळूहळू बसायला शिकते.

दुसरी झोप

मग ती रात्र आली. हेरोद अग्रिप्पा राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले होते. ते लोकांना आवडले असे पाहून त्याने पेत्रालाही धरले. चार चार शिपायांच्या चार टोळ्या पहाऱ्यावर होत्या. सण होताच त्याला लोकांपुढे काढायचे ठरले होते. त्या आदल्या रात्री पेत्र दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मध्ये झोपला होता.

लूकाने येथे बारीक गोष्टी दिल्या आहेत. कोठडीत प्रकाश पडला, तरी पेत्र जागा झाला नाही. दूताला त्याच्या कुशीवर मारून उठवावे लागले. उठल्यावर दूत त्याला कंबर बांधायला आणि वहाणा घालायला सांगतो. म्हणजे कमरेचा पट्टा सैल करून, वहाणा काढून, घरी झोपावे तसा तो झोपला होता! सुटका होईल अशी त्याला खात्री होती असेही नाही. बाहेर पडेपर्यंत आपण दृष्टांत पाहत आहोत असेच त्याला वाटत होते. मग ही शांती कोठून आली? उद्याचा दिवस कोणाच्या हातात आहे हे त्याला कळले होते, आणि ज्याच्या हातात तो आहे त्याच्याशी त्याचे रोजचे बोलणे होते. पुढे आपल्या पत्रात विश्वासणाऱ्यांनी सर्व चिंता देवावर टाकावी असे त्याने लिहिले, ते साखळीत बांधलेल्या रात्रीच्या अनुभवातून लिहिले असले पाहिजे.

आणखी एक गोष्ट पाहा. बागेत प्रभु जागा होता व शिष्य झोपले होते. तुरुंगाच्या रात्री शिष्य झोपला होता आणि मंडळी जागी होती. योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी पुष्कळ जण प्रार्थना करीत होते. मूळ ग्रीकात लूकाने बागेतल्या प्रभूच्या प्रार्थनेसाठी आणि या घरातल्या मंडळीच्या प्रार्थनेसाठी एकाच मुळातले शब्द वापरले आहेत. त्या मुळाचा अर्थ ताणणे असा आहे. उंच शिंक्यावरचे भांडे काढताना टाचा उचलून, बोटे लांबवून हात ताणावा लागतो, तशी ही प्रार्थना. प्रभूने एकट्याने जी प्रार्थना केली, तिचे वळण आता मंडळीला लागले होते.

ही मंडळी मोठी विश्वासाची होती असेही समजू नये. रुदा नावाच्या मुलीने येऊन पेत्र दारात उभा आहे असे सांगितले, तेव्हा प्रार्थना करणारेच तिला म्हणाले, की तुला वेड लागले आहे! देवाने उत्तर दारात आणून उभे केले आणि ते आत विनंती करीत राहिले. आपल्यासारखीच ती माणसे होती. विश्वास अपुरा होता तरी ती प्रार्थनेला जमली होती, आणि देवाने त्यांच्या अपुऱ्या विश्वासाचाही मान राखला.

आणि याकोबाचे काय?

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. पेत्र सुटला, मग याकोब का मारला गेला? मंडळीने याकोबासाठीही प्रार्थना केली की नाही, हे शास्त्र सांगत नाही. पण केली नसेल असे कोणाला म्हणवेल? आपल्या मंडळ्यांत अशी घरे आहेत, जिथे रात्र रात्र प्रार्थना झाली आणि तरीही माणूस गेला. शेजारच्या घरातला आजारी माणूस बरा होऊन साक्ष देतो, तेव्हा त्या घरातली विधवा बाकावर मान खाली घालून बसते. तुमचा विश्वास कमी पडला, असे तिला कोणी कधी म्हणू नये. ते शास्त्राला धरून नाही.

याकोबही त्या रात्री बागेत होता. तोही झोपला होता. आपल्याला प्रभूच्या गौरवात उजवीडावीकडची जागा मिळावी अशी त्याने व योहानाने पूर्वी मागणी केली होती, तेव्हा माझा प्याला तुम्ही प्याल, असे प्रभूने त्यांना सांगितले होते. बागेत झोपलेला याकोब पुढे जागा झाला आणि प्रभूच्या प्याल्यापर्यंत पोहोचला. एकाला देवाने तुरुंगातून काढले, दुसऱ्याला तलवारीतून नेले. पेत्रही कायमचा सुटला नव्हता. म्हातारपणी तुला दुसरे बांधून नेतील, हे प्रभूचे बोलणे त्याच्यापुढे होतेच. प्रार्थना ही देवाच्या हातातले मरण चुकवण्याची युक्ती नाही. आपण जगलो तरी त्याचे आणि मेलो तरी त्याचे, एवढे मनाशी पक्के होणे हे प्रार्थनेचे मोठे फळ आहे. स्वतः प्रभूनेही प्याला दूर व्हावा असे मागितले होते. प्याला दूर झाला नाही. परंतु प्रार्थना करून उठलेला प्रभु भीतीने उठला नाही.

आपण काय करावे?

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, बेळगावपासून ग्वाल्हेरपर्यंत, बडोद्यापासून हैदराबादपर्यंत ज्या मराठी मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत, त्यांच्यापुढे आज एक विशेष अडचण आहे. मुले शाळेत एक भाषा बोलतात, बाजारात दुसरी, आणि मराठी आजीपुरती उरते. रविवारची मराठी उपासना त्यांना परकी वाटू लागते. यावर पुष्कळ चर्चा होते. पण मूल प्रार्थनेची भाषा उपासनामंदिरात शिकण्याआधी घरात शिकते. आईला गुडघ्यांवर पाहिलेले मूल ती भाषा विसरत नाही, मग पुढे ते कोणत्याही बोलीत प्रार्थना करो. म्हणून पुढील चार साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, प्रत्येक घराने कौटुंबिक उपासनेची वेळ ठरवावी. दहा मिनिटे पुरेत. एक लहान उतारा, एक गीत, आणि घरातल्या प्रत्येकाचे एकेक वाक्य. धाकट्यालाही बोलू द्यावे. ज्या मोबाइलसाठी आपण रात्री उशिरापर्यंत जागतो, तो तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत राहिला तर काही बिघडत नाही.

दोन, नावे घेऊन प्रार्थना करावी. पेत्राच्या रात्री मंडळी जगाच्या सर्वसाधारण कल्याणासाठी जमली नव्हती. ती पेत्रासाठी जमली होती. आपल्या मंडळीतले आजारी, परीक्षेला बसलेले, रागावून उपासनेला यायचे थांबलेले, यांची नावे देवापुढे घ्यावीत. ज्याचे नाव आपण रोज घेतो त्याच्यावर सभेत तलवार काढणे कठीण जाते.

तीन, प्रार्थनेतून उठल्यावर एक आज्ञा पाळावी. ज्याच्यासाठी प्रार्थना केली त्याच्या घरी जावे, ज्याचे देणे आहे ते द्यावे, ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला हाक मारावी. प्रभूने पेत्राला प्रेमाविषयी विचारले आणि लगेच काम सांगितले. काम न सांगणारी प्रार्थना पूर्ण झाली असे समजू नये.

चार, शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना पाठ केलेल्या प्रार्थनेबरोबर स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायला शिकवावे. वर्गात या दोन रात्रींची गोष्ट सांगावी आणि शेवटी मुलांना विचारावे, पेत्र पहिल्या रात्री का झोपला आणि दुसऱ्या रात्री का झोपला? मुले जी उत्तरे देतील ती आपल्यालाही शिकवून जातील. शिक्षकाने मात्र वर्गात येण्यापूर्वी आपल्या मुलांच्या हजेरीपटावर बोट ठेवून एकेका नावासाठी प्रार्थना केलेली असावी. तयारीचा तो मुख्य भाग होय.

पेत्राने उतारवयात मंडळ्यांना पत्र लिहिले, तेव्हा प्रार्थनेसाठी सावध राहा, असे त्याने सांगितले. आणि पुढे जागे राहा, असाही बोध केला. मूळ भाषेत हा जागे राहण्याचा शब्द तोच आहे, जो प्रभूने बागेत त्याला उद्देशून वापरला होता. ज्याला एक तास जागवले नाही, तोच मंडळीला जागे राहायला सांगतो! प्रभूचा तो शब्द त्याने आयुष्यभर जपून ठेवला होता. जो दुरून चालत होता त्याला प्रभूने इतके जवळ आणले. तोच प्रभु आपल्यालाही आणू शकतो. मात्र त्याच्या हाकेला आज उठले पाहिजे.

प्रार्थना

हे प्रभु येशू, आम्ही झोपलो होतो तेव्हा तू आमच्यासाठी जागा राहिलास, म्हणून तुझे उपकार मानतो. आम्ही दुरून चाललो, परक्या शेकोटीजवळ ऊब शोधली, याची आम्हांला क्षमा कर. आमच्या घरांत प्रार्थनेची वेळ पुन्हा ठरू दे. आमच्या मुलांना आमच्या ओठांपेक्षा आमच्या गुडघ्यांवरून तुझी ओळख पटू दे. ज्यांच्या घरी प्रार्थना करूनही शोक आला, त्यांच्याजवळ तू बस. आम्हांला संपूर्ण मनाने तुझ्यामागे चालव, म्हणजे जागे असू तेव्हा तुझ्या कामात असू, आणि झोपू तेव्हा तुझ्या हातात झोपू. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.